शाळेतले बारा कॉम्प्युटर भंगारात काढायचे का? आणि मुलीच्या टर्बो सीचं काय करू?

शहादेकर_सर

नमस्कार मंडळी,

शहादा तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी गणित शिकवतो. संगणक कक्षाचा चार्जही माझ्याकडेच आहे. कक्षात बारा कॉम्प्युटर आहेत. सगळे इंटेल आय-थ्री, चौथ्या पिढीचे, ४ जीबी रॅम आणि जुनी ५०० जीबीची हार्डडिस्क. त्यातले अकरा व्यवस्थित सुरू होतात, एकाचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) गेलाय.

सगळ्यांवर विंडोज १० आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा सपोर्ट संपला. देखभालीचं काम ज्यांच्याकडे आहे ते गृहस्थ येऊन गेले. म्हणाले, "सर, यांच्यावर विंडोज ११ चढत नाही. हे आता निकामी. बारा नवीन घ्या." कोटेशन ठेवून गेले. आमच्या सादिल (किरकोळ) खर्चात ते कुठल्याच वर्षी बसणारं नाही. मुख्याध्यापक म्हणतात, निर्लेखनाचा (भंगारात काढण्याचा) प्रस्ताव करून टाका, नवीन कधी मिळतील तेव्हा मिळतील. म्हणजे तोवर कक्षाला कुलूप. मला हे पटत नाही. आठवी ते दहावीची मुलं यावर जिओजेब्रा (भूमितीच्या आकृत्यांचं सॉफ्टवेअर), टायपिंग आणि थोडं इंटरनेट एवढंच करतात. शाळेची ऑनलाइन माहितीही आम्ही इथूनच भरतो.

दुसरा प्रश्न घरचा. मुलगी जळगावला बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजात सी ही प्रोग्रामिंगची भाषा टर्बो सी या जुन्या कंपायलरवर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राला चालवता येईल असा करून देणारं सॉफ्टवेअर) शिकवतात. तिच्या नव्या लॅपटॉपवर टर्बो सीचा निळा पडदा डॉसबॉक्समधून, म्हणजे विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, उघडतो. तिचा मामेभाऊ पुण्यात नोकरीला आहे, तो म्हणतो सी सोडून दे, पायथन ही दुसरी भाषा शिक. तिच्या मैत्रिणी म्हणतात, सगळं एआय लिहून देतं, शिकायचंच कशाला? जाणकारांनी सांगावं.

साक्रीवाला

सर, आमना गावनी शाळामा बी असंच व्हयनं. आम्ही विंडोजनी जागावर लिनक्स मिंट टाकं. पोरेसले फरक बी समजना नही. टाकी द्या.

तापीकाठ

सर, निर्लेखनाच्या कागदावर सही करू नका. चोपड्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, प्रोग्रामही लिहितो, आणि चौथ्या पिढीची यंत्रं माझ्या टेबलावर रोज येतात. ती निकामी नाहीत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. तुमच्याकडे दोन्ही आहे. अडतं ते दोन अटींवर. एक, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप. दुसरी, प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा, म्हणजे साधारण २०१७ नंतरचा. टीपीएमचं मुख्य काम गुप्त किल्ल्या सांभाळून ठेवणं. प्रवासात लॅपटॉप चोरीला गेला तर डिस्कवरची माहिती दुसऱ्याला वाचता येऊ नये, यासाठी ती चिप खरोखर उपयोगाची आहे. पण शहाद्याजवळच्या शाळेत, कुलूपबंद खोलीत, वर्तुळाची स्पर्शिका काढणाऱ्या मुलीचं तिच्यावाचून काही अडत नाही. म्हणजे यंत्र थकलेलं नाही, त्याच्यासाठी दुरुस्त्या पाठवणं कंपनीनं थांबवलंय. आणि दुरुस्त्या थांबल्या की ते यंत्र तसंच इंटरनेटला जोडून ठेवणं धोक्याचं, एवढं मात्र देखभालवाल्यांचं बरोबर आहे. वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची योजना आहे, घरगुती ग्राहकांना ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. तिच्यावर शाळेचा कक्ष उभा करू नका.

आता काय करायचं ते.

बारावं यंत्र उघडून त्याची रॅम काढा आणि दुसऱ्या एखाद्यात बसवा. स्लॉट मोकळा असेल तर त्या यंत्राची ८ जीबी होईल. ही डीडीआर-३ रॅम आहे, जुन्या बाजारात सहज मिळते. जमेल तशी बाकीच्यांनाही वाढवा. त्याहून मोठा फरक पडतो तो हार्डडिस्कच्या जागी २४० जीबीची साधी साटा एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) बसवल्यावर. बारा नव्या कॉम्प्युटरच्या कोटेशनपुढे हा खर्च किरकोळ आहे. सगळ्यांना एकदम जमत नसेल तर चार यंत्रांना घ्या, बाकीच्यांना पुढच्या वर्षी.

एसएसडी बसवायला झाकण उघडाल तेव्हा आत बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि फुफाटा दारं-खिडक्या बंद ठेवल्या तरी आत येतो. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचा नमदा बसलेला असतो. वरून पंखा फिरताना दिसतो, पण हवा खाली पोचतच नाही. मग प्रोसेसर तापतो, जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो, आणि लोक म्हणतात कॉम्प्युटर म्हातारा झाला. पंखा सोडवा, नमदा ब्रशने काढा, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वर पोचवणारा लेप) पुसून नवी लावा. हे काम नववीची मुलं तुमच्या देखरेखीखाली करू शकतात. करू द्याच. ज्या मुलाने प्रोसेसर स्वतःच्या बोटांनी बसवलाय, त्याला पुढे कोणी "हे निकामी झालं" असं सहज सांगू शकत नाही.

मग त्यावर लिनक्स मिंटची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट, मोकळ्या प्रणालीची, हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबीत बरी चालते. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, हार्डडिस्कला हात न लावता. आवाज, नेटवर्क, पडदा सगळं जागेवर आहे असं दिसलं की मगच डेटा बाहेर काढून कायमची बसवा. मी उबुंटू ही दुसरी लिनक्स न सांगता मिंट सांगतो, कारण तिचा मेन्यू डाव्या कोपऱ्यात असतो, पोरांच्या आणि शिक्षकांच्या हाताला लगेच सापडतो. माझ्या स्वतःच्या कामाला डेबियन नावाची लिनक्स. एका जिनिंगच्या वजनकाट्याचा प्रोग्राम मी लिहिलाय. काट्याच्या डब्यातून सिरियल वायरीने वजन येतं, यंत्र ते वाचतं, पावती छापतं. दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत लागते तेव्हा ते यंत्र दुसरं काहीही करत नाही. हंगाम संपला की मी जाऊन अपडेट करतो, त्याआधी एक ओळही बदलत नाही.

हेच माझं सगळ्या बाबतीतलं मत आहे, सर. ज्याने यंत्र विकत घेतलं, त्यावर काय चालेल आणि कधी बदलेल हे त्याने ठरवायचं.

मुलीचं सांगतो. टर्बो सीवर माझा फार राग आहे, कारण हुशार पोरं त्यापायी चुकीचं शिकतात. तिला एक गणित द्या. केळीची लागवड दीड बाय दीड मीटरवर केली तर हेक्टरी ४४४४ खोडं बसतात. रावेरकडच्या एखाद्या बागायतदाराची नऊ हेक्टर केळी आहे, तर खोडं किती? दोन 'इंट' (पूर्णांक ठेवायच्या जागा) घेऊन गुणाकार करून छापायचा, एवढाच प्रोग्राम. उत्तर ३९९९६. टर्बो सी सांगेल उणे २५५४०.

उणे खोडं! आणि प्रोग्राममध्ये चूक एकही नाही. टर्बो सी डॉसच्या काळातला आहे. त्याचा 'इंट' १६ बिटांचा, त्यात ३२७६७ च्या वरची संख्या मावत नाही. ३९९९६ मधून ६५५३६ वजा करा, उणे २५५४० येतात. आजच्या कुठल्याही नेहमीच्या कंपायलरमध्ये 'इंट' ३२ बिटांचा असतो आणि २१४ कोटींच्या पुढे जातो. हे तिला कोणी समजावून सांगत असेल तर टर्बो सीसुद्धा धडा म्हणून चालेल. पण बहुतेक ठिकाणी "लाँग घ्या" म्हणजे मोठी जागा घ्या, एवढंच सांगतात आणि पुढे जातात.

बाकीही तसंच. 'व्हॉइड मेन' लिहायची सवय, दर प्रोग्रामच्या सुरुवातीला पडदा पुसायचा, शेवटी कळ दाबेपर्यंत थांबायचं. यातलं काही सी भाषेचं नाही, त्या एका जुन्या डबड्याचं आहे. सी प्लस प्लसचं प्रमाण १९९८ साली ठरलं. टर्बो सी त्याच्या आधीचं. तिथे शिकलेला सी प्लस प्लसचा पहिलाच प्रोग्राम आजच्या कंपायलरवर पहिल्याच ओळीला अडतो. मग मुलाखतीत पोरगी गोंधळते आणि तिला वाटतं आपल्यालाच येत नाही.

तिला जीसीसी वापरू द्या. १९८७ पासून चालत आलेला, फुकट, मोकळा कंपायलर आहे. तिच्या विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल चालू केलं की आत लिनक्स मिळतं, लॅपटॉपवर दुसरं काही मोडावं लागत नाही. कंपाइल करताना नेहमीच्या चुकांच्या सूचना दाखवायचा 'वॉल' पर्याय कायम द्यायचा आणि प्रत्येक सूचना वाचायची. प्रॅक्टिकल परीक्षा टर्बोवरच असेल तर परीक्षेच्या आठ दिवस आधी तिकडे हात बसवायचा, दोन-चार ओळींचाच फरक असतो. कॉलेजशी भांडायला सांगू नका, तिचे मार्क त्यांच्या हातात आहेत.

पायथन शिकायला माझी काहीच हरकत नाही, मी रोज वापरतो. पण ती सीमध्ये आहेच तर एक वर्ष नीट टिकू द्या. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) कुठे बोट दाखवतोय, मेमरी मागितली ती परत केली का, हे ज्याने एकदा हाताने केलंय त्याला पायथनमध्ये यादी कॉपी केल्यावर मूळ यादीही का बदलली हे सांगावं लागत नाही. एआयचंही तेच. त्याने लिहिलेला प्रोग्राम चालला म्हणजे बरोबर आहे असं नाही. उणे २५५४० सुद्धा चालूनच आलं होतं. ते बघून जिला खटकेल तिला काम मिळेल.

हिशोबनीस_जळगाव

तापीकाठ भाऊ, तुमचा जिव्हाळा कळतो, पण मी जळगावात टॅक्स प्रॅक्टिस करतो, थोडं जमिनीवरचं सांगतो. टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं. गिऱ्हाईक टॅलीचाच बॅकअप आणून देतो. डिजिटल सहीचं टोकन लावलं की सही करायचं सॉफ्टवेअर विंडोजचं मागतात. माझ्या ऑफिसात पोरगा ठेवायचा तर तो विंडोज आणि एक्सेल शिकून आलेला असतो. शाळेत लिनक्स शिकवून पोरांना नोकरी कोण देणार? शिवाय ऑडिटला कोणी विचारलं की सरकारच्या परवानगीशिवाय सगळ्या कॉम्प्युटरवर दुसरंच काय टाकलं, तर सरांनी काय उत्तर द्यायचं? एखाद्याने मनात आणलं तर त्रास देऊ शकतो.

तापीकाठ

हिशोबनीस साहेब, तुमच्या ऑफिसात विंडोजच ठेवा. टॅलीसाठी मीही गिऱ्हाईकाला विंडोजच देतो. शाळेतही ज्या एका यंत्रावर डिजिटल सहीचं किंवा पगाराचं काम चालतं, ते नवीन घेऊन त्यावर विंडोज ११ ठेवावं. बारा घ्यायच्या जागी एक. ते झालं ऑफिसचं. कक्षातल्या अकरांचं काम वेगळं आहे.

नोकरीबद्दल मात्र मला तुमचं पटत नाही. लिब्रे ऑफिस या फुकट सॉफ्टवेअरच्या कॅल्कमध्ये सरासरी काढायला शिकलेल्या मुलाला एक्सेलमध्ये ती काढायला दुपार पुरते. सूत्रं तीच, मेन्यूच्या जागा वेगळ्या. आणि शाळेतून बाहेर पडेपर्यंत मेन्यूच्या जागा तशाही बदललेल्या असतात. उलट ज्या सर्व्हरवर जगातल्या बहुतेक वेबसाइट चालतात तिथे लिनक्स आहे, तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचं कर्नल (प्रणालीचा गाभा) आहे. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना ते लिहायला घेतलं, आणि आजही कोणीही ते उघडून वाचू शकतं. खान्देशातल्या पोराला हे वाचायला परवानगी लागत नाही, फी लागत नाही, पुण्याला जावं लागत नाही. मला याचं फार मोल वाटतं. अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो झाली हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या विप्रोत जे काम चालतं ते अमळनेरच्या पोराला शाळेत बघायला मिळावं, यासाठी आपण काय करतो?

आता ऑडिट. हा मुद्दा गंभीर आहे, म्हणून नीट लिहितो. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत (ज्याचा मूळ प्रोग्राम कोणालाही वाचता-बदलता येतो असं) सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण जाहीर केलं. त्यात म्हटलंय की सरकारी यंत्रणांनी सॉफ्टवेअर घेताना मुक्त स्रोताला पसंती द्यायचा प्रयत्न करावा, आणि ते नको असेल तर का नको याचं कारण द्यावं. राज्यांना ते बंधनकारक नाही, ती स्वेच्छेने स्वीकारू शकतात. म्हणजे या धोरणाने सरांना सक्ती होत नाही, पण आपण काही वावगं करतोय असं वाटायचं कारणही उरत नाही. केरळ तर खूप पुढे गेलाय. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत आयटीचा अभ्यास मुक्त सॉफ्टवेअरवरच होतो, त्यांची काइट नावाची सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची उबुंटूवर आधारलेली लिनक्स तयार करते, आणि शिक्षकांना त्याचं प्रशिक्षण मिळतं. शाळांमधल्या दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरसाठी ती आहे. केरळच्या पोरांना नोकऱ्या मिळत नाहीत असं कोणी म्हणेल का?

सर, कागद असा करा. शाळा समितीच्या बैठकीत ठराव घ्या: उपलब्ध संगणकांची दुरुस्ती करून परवाना-खर्च नसलेली, सुरक्षा-दुरुस्त्या मिळणारी संगणक प्रणाली बसवणे. कोटेशन सोबत जोडा, एसएसडीची बिलं जोडा, किती पैसे वाचले ते लिहा. साठा नोंदवहीत यंत्रं तशीच राहतात, काहीच कमी होत नाही. आणि पुढे कधी नवीन मागणीपत्र लिहाल तेव्हा त्यात कंपनीचं नाव घालू नका, काम घाला. "जिओजेब्रा, ब्राउझर, मराठी युनिकोड टंकलेखन, पाच वर्षं दुरुस्त्या" असं. नाव घातलं की स्पर्धा तिथेच संपते.

अजून एक. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि मुलांची माहिती हाताळायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. शिक्षणसंस्थांना नियमांत काही सवलती आहेत. पण माझं म्हणणं, कक्षातल्या कॉम्प्युटरवर बसायला आठवीच्या मुलीला स्वतःचा ईमेल आणि मोबाईल नंबर द्यावाच का लागावा? मिंटमध्ये 'आठवी', 'नववी', 'दहावी' अशी तीन स्थानिक खाती करा. त्या खात्यांसाठी कोणाचीच माहिती कुठेही जात नाही.

आणि आपल्या देशाने एक गोष्ट फार चांगली केलीय, ती कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार नुसत्या संगणक प्रोग्रामवर पेटंट मिळत नाही. २००४ च्या शेवटी अध्यादेश काढून ते दार किलकिलं केलं होतं, २००५ मध्ये संसदेने तो भाग गाळून टाकला. त्यामुळे धुळ्यातला एखादा पोरगा दूध डेअरीच्या फॅटचा हिशोब करणारा प्रोग्राम लिहितो तेव्हा त्याला हजारो पेटंटांची यादी तपासत बसावं लागत नाही. त्याने स्वतः लिहिलेल्या ओळींवर त्याचा कॉपीराइट असतोच, तेवढा पुरे. हे कलम जपलं पाहिजे. ज्यांच्याकडे वकिलांची फौज आहे त्यांना ते नकोसं असतं.

अक्षरजुळणी_धुळे

मी धुळ्यात लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका यांची जुळणी करते. सर, शाळेच्या जुन्या फायली कुठल्या फॉन्टमध्ये आहेत ते आधी बघा. आमच्याकडे शाळांचे अहवाल येतात ते निम्मे श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. तो फॉन्ट नसेल तर नुसती चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. लिनक्सवर गेलात आणि दाखल्यांचे नमुने उघडले नाहीत तर जूनमध्ये पंचाईत होईल. फायली आधीच युनिकोडमध्ये करून घ्या, बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. मात्र बदलल्यावर एकेक पान वाचायलाच लागतं. रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात. नावांच्या यादीत तर जास्तच.

तापीकाठ

ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत, मी हे सांगायला हवंच होतं. जुन्या फॉन्टच्या फाईलमध्ये मराठी नसतंच. तिथे इंग्रजी अक्षरांचे क्रमांक साठवलेले असतात आणि फॉन्ट त्या क्रमांकांवर देवनागरी चित्रं चढवतो. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याच्याकडे तुमची शाळा नाही. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून फॉन्ट कुठलाही असला तरी मजकूर टिकतो. शोधता येतो, अकारविल्हे लावता येतो. जनरल रजिस्टरमधलं १९९० च्या दशकातलं नाव हवं असलं की टाइप करायचं आणि सापडतं. स्वतःच्या शाळेचं दप्तर वाचायला कुणाचं तरी विकाऊ सॉफ्टवेअर लागावं हे मला अजिबात मान्य नाही.

मुलांना सुरुवातीपासून इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा कीबोर्ड शिकवा. मिंटमध्ये कीबोर्डच्या यादीत ते आहेच. डावा हात स्वर, उजवा हात व्यंजनं. लिप्यंतराने टाइप करायची सवय लागली की मूल मनात आधी इंग्रजी स्पेलिंग करतं आणि मग मराठी शब्द उमटतो, तो वळसा कशाला? इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून एन दाबलं की ळ, शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ. त्यापुढे हलन्त, य आणि काना दाबला की 'कोपऱ्यात'मधला 'ऱ्या' बिनचूक येतो. तो न येणारे पदवीधर मी रोज बघतो.

साक्रीवाले दादा, तुम्ही अहिराणीत लिहिलंत ते बघून बरं वाटलं. अहिराणीला भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत स्वतंत्र सांकेतिक नाव आहे, आणि लिपी देवनागरी असल्याने टाइप करायला काहीच अडत नाही. मोकळ्या सॉफ्टवेअरमध्ये शब्दतपासणीची यादी म्हणजे एक साधी मजकूर-फाईल असते, ओळीला एक शब्द. शहाद्याच्या शाळेतली पोरं आजीकडून शब्द गोळा करून ती फाईल बनवू शकतात, आणि कोणत्याही कंपनीच्या दारात न जाता ती लिब्रे ऑफिसला जोडता येते. सर मनावर घेत असतील तर प्रत्यय कसे जोडायचे ते मी येऊन दाखवतो. 'गावमा', 'गावनी', 'गावले' हे तीन शब्द वेगळे लिहावे लागत नाहीत, एका नियमात बसतात.

शहादेकर_सर

सगळ्यांचे मनापासून आभार. मुख्याध्यापकांना हे सगळं वाचून दाखवलं. ठराव घ्यायला ते तयार आहेत, आधी एका यंत्रावर करून दाखवा म्हणाले. रविवारी दोन मुलं आणि मी बसलो. पंख्याखाली खरोखरच नमदा निघाला. पेनड्राइव्हवरून मिंट सुरू झाली, आवाज आणि नेटवर्क दोन्ही आलं, जिओजेब्रा ब्राउझरमध्ये चाललं.

दोन अडचणी आहेत. एक, कुठलीही वेबसाइट उघडली की "हे कनेक्शन सुरक्षित नाही" असं येतं. शेजारच्या विंडोजच्या यंत्रावर त्याच वायरीने सगळं उघडतं. मुख्याध्यापक म्हणाले, बघा, म्हणूनच फुकट आहे. दोन, शाळेचा लेझर प्रिंटर यादीत दिसतो पण छापत नाही.

मुलीने खोडांचा प्रोग्राम केला. उणे २५५४० आल्यावर तिने मला रात्री साडेदहाला फोन केला, आणि मग ६५५३६ कुठून येतात ते तिनेच मला समजावून सांगितलं.

तापीकाठ

तिला माझा नमस्कार सांगा. पुढचं गणित: 'अनसाइन्ड' (उणे संख्या न ठेवणारा 'इंट') घेतलं तर किती हेक्टरपर्यंत उत्तर बरोबर येईल? कागदावर काढायचं, मग चालवून बघायचं.

पहिली अडचण घड्याळाची असणार. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा, बरीच वर्षं मागची निघेल. मदरबोर्डवर सीआर-२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की मेन स्विच बंद केल्यावर यंत्र तारीख विसरतं. प्रत्येक वेबसाइटच्या प्रमाणपत्राला कधीपासून कधीपर्यंत अशी मुदत असते. यंत्राला वाटतं आज २०१३ साल आहे, मग त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. यात लिनक्सचा दोष नाही, त्या यंत्रावर विंडोज असती तरी हेच झालं असतं. घड्याळाच्या दुकानात सेल मिळतो. आणताना अकराही यंत्रांसाठी आणा, कारण सगळी एकाच वर्षाची असतील तर बाकीचे सेलही संपत आलेत. बसवल्यावर सुरुवातीच्या सेटअपमध्ये जाऊन तारीख-वेळ घाला, मग बघा. मुख्याध्यापकांना समोर बसवूनच करा.

प्रिंटरसाठी मॉडेल नंबर हवा, मागच्या पट्टीवर असतो. काही लेझर प्रिंटरना स्वतःची स्मरणशक्ती जवळपास नसते, सुरू झाल्यावर कॉम्प्युटरकडून छोटं सॉफ्टवेअर मागून घेतात. तसला असेल तर त्याचं प्लगइन वेगळं टाकावं लागतं, दहा मिनिटांचं काम आहे. नंबर इथेच लिहा, बघून सांगतो.